सभासदांची नावे मराठीतच राहू द्या : साखर कारखान्याच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सर्व संचालक व कार्यकारी संचालक,
सहकारी साखर कारखाना, जिल्हा सातारा

सप्रेम नमस्कार.

येत्या गळीत हंगामापासून सभासद नोंदवही, ऊस नोंद, काटा पावती आणि बिले यांवरील सर्व नावे इंग्रजी लिपीत ठेवण्याचा निर्णय झाल्याचे परिपत्रक गट ऑफिसच्या फलकावर लागले आहे. मराठी मजकुरामुळे संगणक प्रणालीत वारंवार अडचणी येतात, असे कारण त्यात दिले आहे. ते कारण चुकीचे आहे, आणि त्यावर आधारलेला निर्णय अमलात आला तर सभासदांच्या नोंदींचे भरून न येणारे नुकसान होईल, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. कारखान्याचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही. सातारा-सांगली भागातील कित्येक पतसंस्था, दूध संघ आणि विकास सोसायट्या आपल्या जुन्या नोंदी नव्या प्रणालीत नेत आहेत, आणि हे पत्र त्यांच्या सभासदांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे.

मी कऱ्हाड तालुक्यातील ऊस उत्पादक सभासद आहे. आमच्या घरचे शेअर्स आजोबांच्या वेळचे आहेत. त्यांतील काही आईच्या नावावर आहेत आणि काही वारसनोंदीने माझ्याकडे आले. माझा पोटापाण्याचा व्यवसाय डेटाबेस सांभाळण्याचा आहे, त्यामुळे काउंटरवर मिळालेल्या छापील कागदावरून आत काय बिघडले आहे याचा अंदाज मला येतो. गेल्या हंगामात मी संगणक विभागाकडे लेखी अर्ज दिले. त्यांवर प्रिंटरमध्ये फॉन्ट नाही, सभासद क्रमांक बरोबर आहे ना, मग बिल अडणार नाही, अशी तोंडी उत्तरे मिळाली. बिल खाते क्रमांकावर जमा होते हे खरे आहे. परंतु शेअर्सचा दाखला, वारसनोंद, कर्जासाठीचे ना-हरकत पत्र आणि निवडणुकीची मतदार यादी ही सारी नावावर चालतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३८ नुसार सभासदांची नोंदवही ठेवणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. ज्या नोंदवहीत सभासदाचे नाव वाचता येत नाही, तिने ते कर्तव्य पार पडते असे मला वाटत नाही.

माझी पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार प्रश्नचिन्हांबद्दल आहे. माझ्या आईचे नाव सुनंदा. नव्या प्रणालीतून काढलेल्या उताऱ्यावर तिच्या नावाच्या जागी ओळीने सहा प्रश्नचिन्हे छापून आली आहेत. डोळ्यांना हे नाव तीन अक्षरांचे दिसते, परंतु युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला व चिन्हाला ठरावीक संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत, ते स, उकार, न, अनुस्वार, द आणि काना अशा सहा संकेतांनी लिहिले जाते. प्रश्नचिन्हेही नेमकी सहाच आहेत, आणि दोष कोठे आहे ते या संख्येवरूनच कळते. फॉन्ट नसता तर प्रश्नचिन्हे उमटली नसती, रिकामे चौकोन उमटले असते. बाइट, म्हणजे संगणकातील साठवणुकीचे एकक, बिघडले असते तर अठरा चिन्हे दिसली असती, कारण युनिकोडचे संकेत साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो. सहा प्रश्नचिन्हे याचा अर्थ असा, की चिटबॉयने, म्हणजे शेतावर येऊन उसाची नोंद घेणाऱ्या कर्मचाऱ्याने, मोबाइलवर नाव बरोबर लिहिले, ते डेटाबेसपर्यंत बरोबर पोहोचले, डेटाबेसने सहाही संकेत ओळखले, आणि ज्या रकान्यात ते ठेवायचे तो रकाना पश्चिम युरोपीय भाषांच्या लॅटिन१ या संचाचा असल्यामुळे प्रत्येक संकेताच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवून दिले.

आपल्या नव्या प्रणालीचा डेटाबेस मायएसक्यूएल आहे, हे निविदेच्या जाहीर कागदांत नमूद आहे. या डेटाबेसच्या ५.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत तक्ता तयार करणाऱ्याने काही सांगितले नाही, तर रकाना लॅटिन१ संचाचा आणि स्वीडिश वर्णक्रमाचा होत असे, कारण हा डेटाबेस मुळात स्वीडनमध्ये घडला. २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीत हे बदलले आणि यूटीएफ८एमबी४ हा युनिकोडमधील सर्व लिप्या सामावणारा संच आपोआप लागू होऊ लागला. मात्र आधीच तयार झालेले तक्ते आवृत्ती बदलल्याने बदलत नाहीत, ते मुद्दाम बदलावे लागतात. दुसरे असे, की न मावणारे अक्षर आले तर काम थांबवून चूक सांगणारी कडक पद्धत या डेटाबेसमध्ये आहे आणि ५.७ पासून ती मुळातच चालू असते. ती चालू असती तर पहिल्याच नावाला नोंद नाकारली गेली असती आणि त्याच दिवशी दोष हाती लागला असता. तक्रारी येऊ नयेत म्हणून ती कोणीतरी बंद करून ठेवली असावी, आणि तसे असल्यास तो निर्णय कोणी घेतला हे सभासदांना कळले पाहिजे. प्रश्नचिन्ह एकदा साठवले गेले की त्यामागचे अक्षर डेटाबेसमध्ये कोठेही उरत नाही. कोणतीही आज्ञा ते परत आणू शकत नाही. ते परत येईल ते फक्त जुन्या बॅकअपमधून किंवा कागदावरून.

दुसरी तक्रार वरवर पाहता हिच्यासारखीच आहे, पण तिचा स्वभाव अगदी वेगळा आहे, आणि हा फरक संगणक विभागाने समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुख्य कार्यालयातून भरलेल्या गावांची नावे उताऱ्यावर प्रश्नचिन्हांत येत नाहीत. तेथे डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन अक्षर, त्यापुढे चलनाचे एक चिन्ह आणि मग आणखी काहीतरी, असा तिनातिनांचा गुंता सबंध ओळभर दिसतो. ही नावे हरवलेली नाहीत. कार्यालयातील प्रोग्रॅमने जोडणी करतानाच आपला मजकूर लॅटिन१ असल्याचे डेटाबेसला सांगितले, त्यामुळे यूटीएफ-८ चे बाइट जसेच्या तसे लॅटिन१ रकान्यात जाऊन बसले. तोच प्रोग्रॅम ते तसेच परत वाचतो, म्हणून कार्यालयात नावे नीट दिसतात. नवीन अ‍ॅप ते खरोखर लॅटिन१ समजून वाचते, म्हणून गट ऑफिसात गुंता दिसतो. अशा रकान्याचा प्रकार आधी नुसत्या बाइटांचा करावा आणि मग त्याच बाइटांना यूटीएफ८एमबी४ म्हणून घोषित करावे, म्हणजे नावे जशीच्या तशी उघडतात. याउलट थेट संच बदलण्याची आज्ञा दिली, तर डेटाबेस त्या गुंत्यालाच खरा मजकूर मानून त्याचे रूपांतर करतो, तीन बाइटांचे एक अक्षर सहा-सात बाइटांचे होते आणि बिघाडावर बिघाड चढतो. एका गटाच्या यादीत हा दुहेरी बिघाड मी पाहिला आहे. याचा अर्थ चालू डेटाबेसवर कोणीतरी घाईने प्रयोग केला आहे. तो पुन्हा होता कामा नये.

याच लॅटिन१ रकान्यांमुळे नावे तुटलीही आहेत. पन्नास अक्षरांचा म्हणून केलेला रकाना तेथे प्रत्यक्षात पन्नास बाइटांचा ठरतो. ‘ज्ञानेश्वर’ या एका नावालाच दहा संकेत, म्हणजे तीस बाइट लागतात. त्यापुढची मोकळी जागा धरून एकतीस झाले, की वडिलांच्या ‘पांडुरंग’ या नावापैकी ‘पांडुर’ एवढेच मावते, उरलेल्या एका बाइटात पुढच्या अक्षराचा अर्धवट तुकडा राहतो आणि आडनावाला जागाच उरत नाही. ज्या नावांत जोडाक्षरे आणि मात्रा अधिक, ती अधिक तुटली. इंग्रजीत लिहिलेले नाव त्याच रकान्यात सहज मावते, आणि मला वाटते की मराठीच अडचणीची हा समज संगणक विभागात येथूनच पसरला असावा.

आता शोधाविषयी. गट ऑफिसात गावाच्या नावाने यादी काढताना ‘कऱ्हाड’ लिहिले, तर काही नोंदी सापडतात आणि काही सापडत नाहीत, आणि कर्मचारी सभासदाला सांगतो की तुमची नोंदच नाही. कर्मचाऱ्याचा यात काही दोष नाही. या नावातील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: एका कळफलकावरून नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असा जातो, तर दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडसंकेत असा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण बाइट तपासणाऱ्याला वेगळे. ‘ॲडव्होकेट’मधल्या पहिल्या अक्षराचे असेच आहे. त्याला स्वतःचा संकेत २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधीच्या नोंदींत तो अ आणि अर्धचंद्र असा लिहिला गेला, आणि हे दोन एकच मानावेत असे युनिकोडच्या एकरूपीकरणाच्या नियमांतही नाही, त्यामुळे तो नियम प्रणालीत वेगळा लिहावा लागतो. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेल्या नोंदींत तर ‘आ’ हे अक्षरसुद्धा काही ठिकाणी अ आणि सुटा काना असे आले आहे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या मराठी टंकलेखनाच्या प्रणालींच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर अक्षरांचा नसून आकारांचा होता, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार त्याच्या नंतर साठवला जाई. ते रूपांतर ज्याने केले त्याने निकाल गावोगावच्या माणसांकडून वाचून घ्यायला हवा होता.

परंतु सर्वांत अधिक धोका मला कोलेशनमध्ये, म्हणजे कोणती दोन नावे सारखी मानायची आणि कोणते आधी लावायचे हे ठरवणाऱ्या नियमात दिसतो. नवे तक्ते ८.० आवृत्तीत तयार झाल्याने त्यांना तिचे मूळचे कोलेशन लागले आहे, आणि ते अक्षरांवरील खुणांचा भेद न मानणारे आहे. फ्रेंच किंवा स्पॅनिश अक्षरांवरील खुणा शोधताना दुर्लक्षिल्या जाव्यात म्हणून ते तसे केलेले असते. देवनागरीत मात्र अनुस्वार, चंद्रबिंदू, विसर्ग आणि नुक्ता यांना युनिकोडच्या मूळ क्रमवारीत दुय्यम वजन आहे, त्यामुळे या कोलेशनमध्ये ते चारही गळतात. परिणामी शेडगे आणि शेंडगे ही आडनावे डेटाबेसला एकच वाटतात. आपल्या भागात ही दोन्ही आडनावे आहेत, दोन्ही घरे ऊस लावतात, आणि नाव, वडिलांचे नाव व गाव सारखे असलेले दोन सभासद असणे अजिबात अशक्य नाही. दुबार नोंदी काढून टाकण्याची मोहीम आपण जाहीर केली आहे. ती या कोलेशनवर चालवली, तर एका जिवंत सभासदाचे सभासदत्व दुसऱ्याच्या नोंदीत विरून जाईल आणि त्याला ते मतदानाच्या दिवशी कळेल. भेद मानणारे कोलेशन याच डेटाबेसमध्ये उपलब्ध आहे. तरीही माझे स्पष्ट मत आहे, की दुबार नोंद नावावरून ठरवूच नये. सभासद क्रमांक, गट क्रमांक आणि मूळ अर्ज यांवरून ठरवावी, आणि शेवटची सही माणसाची असावी.

वर्णक्रमाचा प्रश्न त्या मानाने सौम्य आहे, पण निवडणुकीच्या वर्षी तोही सौम्य राहत नाही. राज्य शासनाने २००९ साली प्रमाणित केलेल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर आणि क्ष, ज्ञ शेवटी येतात. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, आणि क्ष, ज्ञ यांना स्वतंत्र संकेत नसल्याने ते क आणि ज मध्ये जातात. म्हणून काशीद, कासार, काळे असा शाळेत शिकलेला क्रम मोडून यादीत काळे आधी येतात, ज्ञानदेव ज मध्ये सापडतो, आणि यादीचे शेवटचे पान उघडणारा म्हातारा सभासद आपले नाव नाही असे समजून परत जातो. हरकती घेण्याची मुदत थोडी असते. मायएसक्यूएलमध्ये मराठीसाठी वेगळे कोलेशन नाही. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये २०१७ सालच्या १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या भाषानियमांच्या तयार प्रोग्रॅमसंचाच्या आधारे मराठी वर्णक्रम वापरता येतो. यासाठी डेटाबेस बदला, असे मी म्हणणार नाही. नावाशेजारी क्रमासाठी एक वेगळा रकाना ठेवून त्यात मराठी क्रम ठरवणारी खूण भरली, तरी काम होते, आणि ते थोड्या दिवसांचे आहे.

या सर्वांवर इंग्रजी लिपी हा उपाय का नाही, हे आता थोडक्यात सांगते. इंग्रजी अक्षरांत काळे, काले आणि कले हे तिघे एकाच रूपात येतात. माने, माणे आणि मने यांचेही तसेच. आज अनुस्वार गळतो म्हणून शेडगे-शेंडगे एक होतात. उद्या ळ, ण, ठ आणि दीर्घ स्वर सगळेच गळतील, आणि त्या रूपातून मूळ मराठी नाव पुन्हा खात्रीने काढणे कोणालाही जमणार नाही. शिवाय प्रश्नचिन्ह झालेल्या नावांचे इंग्रजी रूपांतर तरी कशावरून करणार? कागद शोधावेच लागतील. कागद शोधून नाव लिहायचेच असेल, तर ते सभासदाने सही करताना जसे लिहिले तसेच, देवनागरीत लिहिले जावे. ज्या आडसाली लागणीची नोंद चिटबॉय बांधावर उभा राहून मराठीत घेतो, तिची पावती त्या शेतकऱ्याला वाचता आली पाहिजे. या मागणीत मी तडजोड करू शकत नाही.

म्हणून संचालक मंडळाकडे माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. इंग्रजी लिपीचे परिपत्रक स्थगित करावे. जुना सर्व्हर, त्याचे सर्व बॅकअप आणि फॉन्टमधील मूळ फाइली आहेत त्या स्थितीत सुरक्षित ठेवाव्यात आणि त्यांची एक प्रत मुख्य कार्यालयाबाहेर ठेवावी. ठेकेदाराने जागा मोकळी करण्यासाठी त्या पुसण्याचा प्रस्ताव दिला आहे असे ऐकते, तो आजच नाकारावा. चालू डेटाबेसवर थेट दुरुस्ती बंद करावी, आधी प्रतीवर करून पाहावी, आणि प्रत्येक तक्त्यातील काही नावांचे बाइट तपासून तेथे प्रश्नचिन्हे आहेत, गुंता आहे की दुहेरी बिघाड आहे, हे लिहून काढल्यावरच पुढचे पाऊल उचलावे. सर्व तक्ते, सर्व रकाने आणि प्रत्येक प्रोग्रॅमची जोडणी यूटीएफ८एमबी४ वर आणावी, कडक पद्धत चालू करावी, आणि अर्ध्या र सारखी अक्षरे नोंद घेतानाच एकरूप करणारा नियम प्रणालीत घालावा.

प्रश्नचिन्ह झालेल्या आणि तुटलेल्या नावांसाठी गावनिहाय शिबिरे घ्यावीत, शेअर्सचे मूळ अर्ज आणि जुने खतावणीचे रजिस्टर समोर ठेवून नावे पुन्हा लिहावीत आणि सभासदाने ती वाचून सही केल्यावरच कायम करावीत. हे काम प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध होण्यापूर्वी पुरे झाले पाहिजे. दुबार नोंदींची मोहीम तोपर्यंत थांबवावी. दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराच्या करारातून वसूल करावा, चिटबॉय आणि काउंटरवरील कर्मचाऱ्यांच्या पगारातून करू नये, कारण त्यांनी नावे बरोबरच लिहिली होती.

प्रणाली स्वीकारताना घ्यावयाच्या चाचणीसाठी मी नावांची एक यादी तयार केली आहे: सुनंदा, ज्ञानेश्वर पांडुरंग, शेडगे व शेंडगे, काशीद, कासार, काळे, क्षीरसागर, दोन्ही प्रकारे लिहिलेले कऱ्हाड आणि दोन्ही प्रकारे लिहिलेले ॲडव्होकेट. ही नावे मोबाइलवरून आणि कार्यालयातून भरावीत, काट्यावर छापून पाहावीत, शोधावीत, क्रमाने लावावीत आणि बॅकअपमधून परत आणून पुन्हा वाचावीत. या चाचणीला मी स्वखर्चाने हजर राहायला तयार आहे. संगणक विभागाने दिवस कळवावा. या पत्राचे लेखी उत्तर पुढील संचालक मंडळ सभेनंतर गट ऑफिसच्या त्याच फलकावर लावावे, म्हणजे परिपत्रक वाचलेल्या सर्व सभासदांना ते वाचता येईल.

आपली विश्वासू,
एक ऊस उत्पादक सभासद,
कऱ्हाड तालुका, जिल्हा सातारा